काळ्या किनारीचं पाकीट

टॅबिथाला आपल्या भावजयीचा राग आला तो एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, आणि आला तो उतरलाच नाही. बशीत मेंढीच्या भाजलेल्या फासळ्या होत्या, टोस्ट गार होत चालला होता, आणि टॅबिथा स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या आईचं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होती. आमच्या टास्मानियात तेव्हा ही रीतच होती. राणी गादीवर येऊन वीस-एक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. विलायतेची बोट यायला तीन-साडेतीन महिने लागायचे, त्यामुळे पत्र आलं की ते एकट्या-दुकट्याचं नसायचं. ते सगळ्या घराचं असायचं आणि सगळ्या घरासमोर वाचलं जायचं. तिच्या आईचं, म्हणजे वॉर्बर्टनबाईंचं, अक्षर तर टॅबिथाशिवाय कुणालाच लागत नसे. टपालहशील वाचावं म्हणून त्या आधी कागद आडव्या ओळींनी भरायच्या, मग तोच कागद फिरवून त्याच्यावरून उभ्या ओळी लिहायच्या. त्या जाळीतून शब्द वेचायचे म्हणजे डोळे फुटायची पाळी. म्हणून वाचायचं काम तिचं.

तर ती वाचत होती. श्रॉपशरचा पाऊस झाला, पाद्रीबाईंचा गुडघा झाला, आणि पुढे आलं ते हे: 'सेलिनाने फार मायेने कळवलं आहे, की टॅबिथाच्या नसा हल्ली नाजूक झाल्या आहेत, ती कारण नसताना रडते, आणि अशा मुलीच्या गळ्यात संसार बांधणं हा तिच्यावर आणि त्या भल्या माणसावरही अन्याय होईल. तेव्हा अँब्रोज, मि. रेडफर्नना नकार कळव.'

टॅबिथाने ते शेवटपर्यंत वाचलं आणि तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. नसा नाजूक असलेली मुलगी असं वाचू शकेल का, हे त्या टेबलावर कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिचा भाऊ अँब्रोज बशीकडे बघत राहिला. मेंढरांच्या बाबतीत अँब्रोजसारखा हुशार माणूस नाही, पण दोन पायांचं काही समोर आलं की गडी गार.

सेलिना टोस्टला लोणी लावत होती. ती म्हणाली, "थांबलीस का, टॅबी? पुढे काय म्हणतात आई?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते यालाच. सेलिनाला नणंदेच्या नसांशी काय देणंघेणं होतं? टॅबिथा लग्न करून गेली असती तर दोन पोरं कुणी सांभाळली असती? लोणी कुणी घुसळलं असतं, साबण, मेणबत्त्या, मुरंबे, शिवण, कोंबड्या हे कुणी बघितलं असतं? फुकटची बाई हातची जाऊ द्यायची नव्हती, एवढीच गोष्ट. ते तोंडावर म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने सुंदर अक्षरात एक पत्र लिहिलं आणि सात समुद्रांपलीकडच्या सासूकडून काम करून घेतलं.

टॅबिथाला मागणी घातलेले मि. रेडफर्न जमिनी मोजायचे. उंच, लाजरे, बोलताना टोपी हातात फिरवत राहणारे. ते एकदा पुन्हा विचारायला आले, अँब्रोजने पुन्हा आईचं पत्र सांगितलं, ते गेले. टॅबिथाने आईला उलटटपाली कळवलं, की माझ्या नसांना काहीएक झालेलं नाही. पण उलटटपाल म्हणजे आमच्याकडे सात महिने. 'तसं असेल तर माझी हरकत नाही,' असं आईचं उत्तर आलं, तेही नाश्त्याला वाचलं गेलं, आणि तोवर रेडफर्नसाहेब होबार्टच्या एका धान्यवाल्याचे जावई झाले होते.

"अरेरे," सेलिना म्हणाली. "नशिबात असावं लागतं गं."

टॅबिथाने पत्राची घडी घातली, पोरांची तोंडं पुसली आणि लोणी घुसळायला गेली. त्या दिवशी लोणी फार लवकर आलं.

आता सेलिनाला काय हवं होतं, ते शोधायला काही लांब जायला नको होतं. ती लॉन्सेस्टनच्या कापडवाल्याची मुलगी. वडिलांनी पैसा चांगला केला होता, पण आमच्या खोऱ्यात पैशाने दार उघडत नसे. दार उघडायचं मिसेस चॅलनरांनी. विधवा बाई, तीन मुलगे पुरलेली, चौदा वर्षं अंगावर काळं सोडून दुसरा रंग नाही. त्या ज्यांच्याकडे जात त्यांच्याकडे सगळे जात. लग्नानंतर रीत म्हणून त्या एकदा सेलिनाकडे आल्या होत्या, रीतीप्रमाणे पाव तास टेकल्या, चहाची स्तुती केली आणि गेल्या त्या गेल्याच. परत बोलावणं नाही की भेटीचं कार्ड नाही. पाच वर्षं सेलिना खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. तिने नवा दिवाणखाना बांधून घेतला, पियानो आणवला, पडद्यांचे नमुने मागवले, आणि शेवटी ठरवलं, की जानेवारीतल्या शनिवारी दुपारी सगळ्या खोऱ्याला बोलवायचं. खाणं, वाजंत्री, हिरवळीवर नाच. आणि मिसेस चॅलनरांचा होकार आला. होकाराचं पत्र तिने किती वेळा वाचलं असेल, कोण जाणे. पियानोवर सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवलं होतं.

मध्ये एक अडथळा येऊन गेला होता. आदल्या वर्षी विलायतेत एडमंडकाका वारले. काळ्या किनारीचं पत्र आलं आणि घरात दुखवटा सुरू झाला. आमच्याकडे त्याचे कायदे कडक. कोण गेलं यावर काळे कपडे किती महिने हे ठरलेलं, आणि तोवर नाच नाही, पाहुणे नाहीत, रंग नाही. ज्या म्हाताऱ्याला जन्मात पाहिलं नाही त्याच्यासाठी सेलिनाला काळ्यात बसावं लागलं आणि लॉन्सेस्टनच्या घोड्यांच्या शर्यतींच्या वेळचा नाच हुकला.

"मरायचं तर मोसम बघून तरी मरावं," असं ती तेव्हा म्हणाली होती. अँब्रोज हसला होता. टॅबिथाने ऐकून ठेवलं.

पार्टीच्या आधीच्या गुरुवारी टॅबिथा नेहमीप्रमाणे टपालाची पिशवी आणायला गावात गेली. आमच्या शेतांवर तेव्हा कुलपाची चामडी पिशवी असायची. एक किल्ली टपालवालीकडे, एक घरी. घरची किल्ली पूर्वी टॅबिथाच्या कमरेला असे. सेलिना आली आणि ती किल्ली तिच्या कमरेला गेली. टपाल सांभाळायच्या मिसेस क्विल्टी, त्यांच्याच दुकानात पीठ, खिळे, तंबाखू आणि गावाच्या सगळ्या बातम्या मिळायच्या.

"मिस टॅबिथा, आधी बसा," मिसेस क्विल्टी म्हणाल्या. "पाणी देऊ?"

"काय झालं?"

"विलायतेचं टपाल आलंय हो. तुमच्याकडचं एक आहे. काळ्या किनारीचं. चांगली बोटभर किनार." त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "पिशवीत घालून कुलूप लावलंय. पण तुम्हाला रस्त्यात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं."

धाकटी बहीण ॲग्नेस तिकडे होती, आजी होती, आई होती.

"अक्षर कुणाचं?"

"आईसाहेबांचंच. ते मुंग्यांची रांग चालल्यासारखं. म्हणजे त्या तरी खुशाल आहेत म्हणायच्या."

आणि मग टॅबिथाला आठवलं. नोव्हेंबरचं पत्र. तेही तिने नाश्त्याला वाचलं होतं, पण अँब्रोज मेंढपाळाच्या हाकेसरशी मध्येच उठून गेला होता, आणि सेलिना पडद्यांचे नमुने खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. टॅबिथाने तरी पूर्ण वाचलं होतं, कारण वाचायचं म्हणजे पूर्ण वाचायचं. आईने लिहिलं होतं: 'हा माझा शेवटचा पांढरा कागद. एडमंडच्या वेळचे काळ्या किनारीचे कागद नि पाकिटं ढिगाने पडली आहेत, आणि ती चुलीत घालण्याइतकी मी श्रीमंत नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पुढची पत्रं त्यावरच येतील, पाहून घाबरू नका.' सेलिना तेव्हा म्हणाली होती, "हा मोरपंखी बरा की तो?"

म्हणजे कुणी मेलं नव्हतं. आई काटकसर करत होती.

हे मिसेस क्विल्टींना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. टॅबिथाने तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर आलं नाही. तिने मान खाली घातली.

"शनिवारचं गेलं म्हणा मग," मिसेस क्विल्टी म्हणाल्या. "बिचाऱ्या भावजयीने किती तयारी केलीय."

"हो ना," टॅबिथा म्हणाली. "आता ती सगळ्यांना निरोप धाडेलच."

"धाडायलाच हवा. मिसेस चॅलनरांचा माणूस आत्ता पीठ न्यायला येईल, त्याच्याजवळ सांगू का?"

"पत्र आलंय एवढं सांगा. बाकीचं घरून कळेल."

घरी येईस्तोवर ती गाडीत पिशवी मांडीवर धरून बसली होती, आणि तिच्या मनात काय होतं ते मी झाकून ठेवत नाही. अजून एक दार तिने उघडं ठेवलं होतं. सेलिनाने पाकीट काढून टेबलावर ठेवलं असतं, घाबरली असती, 'टॅबी, हे काय आलंय बघ गं,' एवढं म्हणाली असती, तर टॅबिथाने सांगून टाकलं असतं. सांगावंच लागलं असतं. पण सेलिना असं म्हणणार नाही, हे तिला अगदी आतून माहीत होतं, आणि त्याची ती वाट बघत होती.

सेलिनाने पिशवी घेतली आणि आत जाऊन दार लोटलं. टॅबिथा ओट्याशी हॅमवर साखर चोळत राहिली. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज. मग सेलिना बाहेर आली, गालांवर लाल डाग घेऊन.

"काही नाही विशेष," ती म्हणाली. "दुकानाची जाहिरात, आणि अँब्रोजचं लोकरीचं काहीतरी."

"आईचं नाही?"

"नाही."

"बोट तर आली म्हणतात."

"मग पुढच्या बोटीला येईल. टॅबी, जेलीचे साचे घासलेस का? तू ना, सांगितल्याशिवाय एक काम करशील तर शपथ."

"घासते," टॅबिथा म्हणाली.

अँब्रोज लोकरीच्या गाड्या घेऊन लॉन्सेस्टनला गेला होता, शनिवारी दुपारशिवाय येणार नव्हता. म्हणजे जे काय केलं ते सेलिनाने एकटीने केलं. तिचा हिशोब सरळ होता. मेलं ते माणूस तीन महिन्यांपूर्वीच मेलं, आणखी दोन दिवसांनी त्याचं काय बिघडतंय? पार्टी होऊ दे, रविवारी पाकीट सापडू दे. शहरात वाढलेली पोर ती. शहरात टपालवाल्याला शेकडो पाकिटं, कोण किनारी बघतो? खोऱ्यात पाकीट पिशवीत पडायच्या आधीच चार घरांत पोचतं, हे पाच वर्षं इथे राहूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण ज्या लोकांत शिरायला धडपडतो, ते लोक दिवसभर काय बोलतात याची तरी चौकशी करावी की नाही.

शुक्रवारी टॅबिथाने सेलिनाचा गुलाबी रेशमी झगा इस्त्री केला. झालर झालर वेगळी, इतकी निगुतीने, की सेलिनासुद्धा म्हणाली, "अगं, आज काय झालंय तुला?" मग टॅबिथाने आपली पेटी उघडली, तळातून एडमंडकाकांच्या वेळचा काळा झगा काढला, आणि त्याच टेबलावर, त्याच इस्त्रीने तोही करून ठेवला.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. लॉन्सेस्टनहून आलेली दोन व्हायोलिनं आणि एक कर्णा व्हरांड्यात वाजत होता. टेबलं लागली होती, गार हॅम, बदकं, पीचची जेली, स्ट्रॉबेऱ्या. सेलिना पायऱ्यांवर उभी होती आणि दिसत होती सुंदर, उगीच कशाला खोटं बोला. अँब्रोज दुपारी येऊन अंघोळ करून, घट्ट कॉलरमध्ये मान अडकवून तिच्या शेजारी उभा राहिला होता.

गाड्या आल्या, पण निम्म्याच आल्या. आणि त्यांतून ज्या बायका उतरल्या त्या सगळ्या दुखवट्याच्या घरी जायच्या करड्या नि फिक्या जांभळ्या कपड्यांत. एकीच्याही टोपीत फूल नाही. सेलिनाने हसून हात पुढे करावा आणि त्यांनी बोटांची टोकं द्यावीत. त्या आवाज खाली करून बोलत होत्या आणि तिच्या गुलाबी झालरींकडे बघत होत्या.

"आज सगळ्या एकाच दुकानातून आल्यात की काय," सेलिना अँब्रोजच्या कानात पुटपुटली.

मग मिसेस चॅलनर आल्या. त्या सेलिनाकडे वळल्याच नाहीत. थेट अँब्रोजचा हात दोन्ही हातांत घेतला.

"अँब्रोज, फार वाईट वाटलं. कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे?"

"पत्र आलंय ना तुझ्या आईचं. काळ्या किनारीचं. गुरुवारी."

अँब्रोजचा चेहरा आधी रिकामा झाला, मग पांढरा. "मला नाही... सेलिना, पत्र आलंय?"

वाजंत्री चालूच होती. सेलिनाच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... तू घरी नव्हतास ना. तू आलास की देणारच होते."

"मी तर कधीचा आलोय."

"गडबडीत राहिलं रे."

तेवढ्यात टॅबिथा दिवाणखान्यातून बाहेर आली. काळ्या झग्यात, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस साधे मागे बांधलेले. तिला पाहून एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि गप्प झाली.

"मुली, तुला माहीत होतं?" मिसेस चॅलनरांनी विचारलं.

"पत्र आलंय एवढं मिसेस क्विल्टी म्हणाल्या, बाईसाहेब," टॅबिथा म्हणाली. "घरी विचारलं तर आलं नाही असं सांगितलं. तिकडे माझी धाकटी बहीण आहे, आजी आहे. पाकीट कुणी उघडलेलंच नाही. मी आपले काळे घातले."

शब्द न् शब्द खरा होता. खोटं काय ते सगळं सेलिनाच्या वाट्याला आलं होतं.

मिसेस चॅलनरांनी सेलिनाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. "हे वाजवणं बंद करायला सांगा," त्या म्हणाल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. बाकीच्या त्यांच्यामागून गेल्या. हॅमला सुरीसुद्धा लागली नाही. टॅबिथाला त्या वेळी जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. तो तिच्या बोटांच्या टोकांपर्यंत गेला. तिने आत जाऊन स्ट्रॉबेऱ्यांवर जाळी झाकली, माशा बसू नयेत म्हणून.

संध्याकाळच्या चहाला अँब्रोजने पाकीट फोडलं आणि अर्थातच टॅबिथाकडे दिलं. तिने वाचलं. श्रॉपशरचा पाऊस. कोळशाचा भाव. ॲग्नेसची नवी टोपी. आजीचा दात पडला, पण भूक चांगली आहे. 'एडमंडचे कागद संपायला अजून वर्ष जाईल असं दिसतं.' कुणीही मेलं नव्हतं.

अँब्रोज हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कागद! नुसता जुना कागद! अरे देवा. मी आत्ताच मिसेस चॅलनरांना चिठ्ठी लिहितो, सगळं मिटेल." त्याला खरंच वाटलं, की मिटेल. टॅबिथाने सेलिनाकडे पाहिलं. आता ही आपल्याकडे बघणार, आता हिला कळणार, कुणी केलं आणि का केलं. दोन वर्षं ती याच घटकेची वाट बघत होती.

सेलिनाने तिच्याकडे पाहिलंच नाही. "माझं नशीबच खोटं," ती अँब्रोजला म्हणाली आणि वर निघून गेली.

रविवारी तेच. चर्चमध्ये शेजारचा बाक रिकामा राहिला, कुणी जवळ आलं नाही, आणि परत येताना गाडीत सेलिना म्हणाली, "नशीब म्हणायचं, दुसरं काय. तुझी आई कागद जपून ठेवते आणि माझं तोंड काळं होतं." जेवताना पुन्हा नशीब. पोरांना झोपवताना नशीब. टॅबिथाच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. नशीब? एवढी इस्त्री करून, एवढं तोंड दाबून धरून, मान नशिबाला? तिला रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी मिसेस चॅलनर आल्या. समाचाराला नव्हे, समाचार घेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्यांनी टॅबिथालाच भेटायचं म्हणून सांगितलं. सेलिना वर आपल्या खोलीत होती. टॅबिथाने नव्या दिवाणखान्यात चांगले कप मांडले. पियानोवरचं होकाराचं पत्र काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. मिसेस चॅलनरांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"अँब्रोजची चिठ्ठी मिळाली," त्या म्हणाल्या. "कुणी गेलं नाही, देवाची कृपा. पण तुझ्या भावजयीला ते माहीत नव्हतं. सासरचं माणूस मेलंय असं समजून ती गुलाबी झगा घालून उभी राहिली. पाकिटात काय निघालं याने त्यात काही फरक पडत नाही."

"नाही, बाईसाहेब."

"मी सरळ बोलते. मी म्हातारी झाले. डोळे चालत नाहीत. पत्रं वाचायला, लिहायला घरात कुणीतरी हवंय. मोलकरीण नको, माझ्या टेबलावर बसणारी हवी. तू चल माझ्याकडे. माझ्याकडे माणसं येतात-जातात, तुझं वय काही गेलेलं नाही. पेटी भर, गाडी दारात आहे. अँब्रोजला मी सांगते."

खोऱ्यातली कुठलीही मुलगी या बोलण्यावर उडी मारून उठली असती. टॅबिथाही उठणारच होती. स्वतःची खोली, स्वतःचा पगार नसला तरी स्वतःचा मान, पोरांची लंगोटी नाही, सेलिनाचं 'अगं टॅबी' नाही. तिला नुसतं 'येते' म्हणायचं होतं.

"तू काय सोसलं असशील, मला कल्पना आहे," मिसेस चॅलनर पुढे म्हणाल्या. "आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस. गरीब गाय. पण देव बघत असतो. त्यानेच बरोबर वेळ साधून तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं."

जिन्यावर लाकूड करकरलं. टॅबिथाने ते ऐकलं. सेलिना कठड्याशी उभी राहून ऐकत होती.

"देवाने नाही, बाईसाहेब," टॅबिथा म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"देवाने नाही. मी." आता तिचा आवाज वरपर्यंत जाईल इतका मोठा झाला. "आईकडे जुने कागद आहेत हे मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मीच ते वाचून दाखवलं होतं, हिनं ऐकलं नाही. दुकानात मला एका वाक्यात सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. तुमच्या माणसाजवळ पत्राचा निरोप मीच द्यायला लावला. कुणी मेलेलं नाही हे ठाऊक असून मी काळा झगा घातला. तिने माझं लग्न मोडलं. माझ्या नसा बिघडल्यात असं आईला लिहून मोडलं, आणि वर अरेरे म्हणाली. मी गरीब गाय नाही. मी हे ठरवून केलं आणि मला फार बरं वाटलं."

मिसेस चॅलनरांनी कप खाली ठेवला. त्या तिच्याकडे बघत होत्या. चिडल्या होत्या असं नाही. बाजारात एखादं चांगलं वाटलेलं कापड उलटं करून पाहावं तसं बघत होत्या.

"मेलेल्यांशी खेळ," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तीन मुलगे पुरलेत. तो काळा रंग मी गंमत म्हणून घालत नाही." त्यांनी हातमोजे चढवले. "तुम्ही दोघी एकमेकींना अगदी शोभता."

रीतीचा पाव तास व्हायचा होता अजून. टॅबिथा त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली, त्या वळल्या नाहीत. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती व्हरांड्यात उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. राग मात्र अजून होता, तसाच्या तसा, जागा न सोडता, याचं तिला नवल वाटलं.

ती आत आली तेव्हा सेलिना मिसेस चॅलनरांच्या खुर्चीत बसलेली होती.

"गाडी दारात उभी होती तुझ्यासाठी," सेलिना म्हणाली. "बसायचं होतं फक्त."

"तुला कळायला हवं होतं, कुणी केलं ते."

"मला शनिवारीच कळलं. तू स्ट्रॉबेऱ्या झाकत होतीस ना, तेव्हाच. तोंड बघितलं होतं मी तुझं."

टॅबिथा उभीच राहिली. "मग दोन दिवस नशीब नशीब काय चाललं होतं?"

"तुला तेवढं सुख कशाला देऊ?" सेलिना म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी शांत होता. "म्हटलं, बघू हिला किती दिवस गिळवतंय. तुझ्या पोटात राहणार नाही हे मला माहीत होतं, पण तू म्हातारीसमोरच ओकशील असं नव्हतं वाटलं. ते तू आपल्याच हाताने केलंस."

बाहेर अँब्रोज कुत्र्याला हाका मारत होता. वरच्या खोलीत धाकटं पोर जागं होऊन रडायला लागलं, आणि कुणीच उठलं नाही.

सेलिनाने किटलीला हात लावून पाहिला. चहा अजून गरम होता. तिने मिसेस चॅलनरांचा कप बाजूला सारला आणि दोन स्वच्छ कप भरले.

"बस," ती म्हणाली. "आता या कपांतून प्यायला आपण दोघीच आहोत."

टॅबिथा बसली.